सुगम्य चित्रे व चित्रफिती, संकेतस्थळांवरील

संस्थेच्या संकेतस्थळावरील छायाचित्रे, आलेख, नकाशे व चित्रफिती यांतील आशय अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर इ. व्यक्तींनाही इतरांप्रमाणे मिळावा म्हणून त्या आशयाला दिलेली शब्दरूप, ध्वनिरूप वा सांकेतिक भाषेतील जोड आणि त्यासंबंधीचे संकेत व नियम. अशी योग्य जोड असलेल्या चित्रास वा चित्रफितीस ‘सुगम्य’ असे म्हणतात.

महाविद्यालयातील प्रवेशाचे वेळापत्रक, रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा, नोकरभरतीची जाहिरात, परीक्षेचा निकाल, शासकीय योजनेसाठी अर्ज करण्याची रीत यांसारखी माहिती पूर्वी कार्यालयाच्या फलकावर लावली जाई किंवा वृत्तपत्रात छापून येई. आता ती प्रथम, व पुष्कळदा केवळ, संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. त्यामुळे जो आशय फक्त डोळ्यांनी वाचता येतो किंवा फक्त कानांनी ऐकता येतो, तो न कळल्याने होणारी हानी गैरसोयीपुरती मर्यादित राहत नाही. प्रवेशाची मुदत, नोकरीची संधी वा उपचारांची वेळ हुकते. भारताच्या २०११ च्या जनगणनेत सु. २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी सु. ५० लक्ष व्यक्तींना दृष्टीविषयक आणि जवळजवळ तितक्याच व्यक्तींना श्रवणविषयक अपंगत्व होते. उतारवयात नजर व श्रवणशक्ती मंदावलेल्यांचा प्रश्नही याच स्वरूपाचा असतो.

चित्र आणि पडदावाचक : अंध व्यक्ती संगणक वा भ्रमणध्वनी वापरताना ‘स्क्रीन रीडर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पडदावाचक आज्ञावलीचे साहाय्य घेतात. संगणकात प्रत्येक अक्षराला एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. पडदावाचक हे क्रमांक ओळखून त्यांचे कृत्रिम वाणीत किंवा ब्रेल उपकरणावरील उठावदार टिंबांत रूपांतर करतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८९ पासून प्रचारात आलेली ‘जॉज’ ही आज्ञावली आणि ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेली, विनामूल्य मिळणारी ‘एन्‌व्हीडीए’ ही आज्ञावली या प्रकारच्या होत. भ्रमणध्वनींतही अशी सोय अंगभूत असते.

छायाचित्र म्हणजे संगणकाच्या दृष्टीने रंगबिंदूंची मांडणी असते. तीत वाचण्याजोगे अक्षर नसते. म्हणून चित्रासोबत शब्दांत काही लिहिलेले नसेल, तर पडदावाचक बहुधा ‘चित्र’ एवढाच शब्द उच्चारतो किंवा कॅमेऱ्याने त्या चित्राला दिलेले निरर्थक नाव व क्रमांक वाचून दाखवितो. चित्रावर दुवा असल्यास त्या दुव्याचा लांबलचक पत्ता ऐकावा लागतो आणि तो कोठे नेतो, याचा उलगडा होत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी चित्राला जोडलेल्या, पडद्यावर सहसा न दिसणाऱ्या परंतु पडदावाचकाला मिळणाऱ्या शब्दांना ‘पर्यायी मजकूर’ म्हणतात.

पूर्वपीठिका : महाजालावरील आरंभीची पृष्ठे मुख्यतः अक्षरांची होती व म्हणून ती अंध वाचकांना तुलनेने सोयीची होती. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या ‘मोझेइक’ या न्याहाळकाने मजकुराच्या मध्येच चित्रे दाखविण्याची सोय केली व अल्पावधीत पृष्ठे चित्रमय झाली. पृष्ठरचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एचटीएमएल’ या भाषेच्या १९९५ च्या दुसऱ्या आवृत्तीत चित्राला पर्यायी मजकूर जोडण्याची तरतूद होती. डिसेंबर १९९७ मध्ये संमत झालेल्या चौथ्या आवृत्तीने ती आवश्यक ठरविली. त्याच वर्षी महाजालाची मानके ठरविणाऱ्या ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ या संस्थेने सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. त्या उपक्रमाने सिद्ध केलेली ‘वेब आशय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वे’ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये निघाली आणि २०१२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. २०१८ व २०२३ मध्ये तीत भर घातलेल्या आवृत्त्या (२·१ व २·२) निघाल्या.

आशय जाणता यावा, हाताळता यावा, समजावा आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकून राहावा, ही चार सूत्रे या तत्त्वांच्या मुळाशी आहेत. प्रत्येक सूत्राखालील कसोट्या ‘ए’, ‘डबल ए’ व ‘ट्रिपल ए’ अशा तीन चढत्या पातळ्यांत विभागलेल्या आहेत. सार्वजनिक संस्थांकडून सामान्यतः दुसऱ्या पातळीची अपेक्षा केली जाते. चित्रांना पर्यायी मजकूर देणे व ध्वनिमुद्रित चित्रफितींना उपशीर्षके देणे या गोष्टी पहिल्याच, म्हणजे किमान, पातळीवर येतात.

पर्यायी मजकुराचे तत्त्व : पर्यायी मजकूर म्हणजे चित्राचे वर्णन नव्हे, तो चित्राच्या जागी उभा राहून त्याचे काम करणारा मजकूर होय. चित्रात काय काय दिसते, यापेक्षा ते त्या पृष्ठावर कशासाठी घातले आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. उदा., मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाचे एकच छायाचित्र तीन पृष्ठांवर वापरलेले असू शकेल. वास्तुकलेवरील पृष्ठावर ‘गेटवे ऑफ इंडिया : बेसाल्ट दगडातील भव्य मध्यवर्ती कमान, तिच्या दोन्ही बाजूंस लहान कमानी व माथ्यावर चार बुरूज’ असा मजकूर उचित होईल. भारतातील ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी या कमानीखालून मायदेशी निघाली, हे सांगणाऱ्या इतिहासविषयक पृष्ठावर कमानींच्या संख्येचे प्रयोजन नाही. तेथे ‘समुद्राकडे तोंड असलेली गेटवे ऑफ इंडियाची कमान’ एवढे पुरे होते. तिसऱ्या पृष्ठावर हेच छायाचित्र नौकेचे तिकीट काढण्याच्या दुव्यासाठी वापरले असेल, तर ‘घारापुरीच्या नौकेचे तिकीट काढा’ हाच त्याचा पर्याय होय. तेथे वास्तूचे नावही अनावश्यक ठरेल.

या तत्त्वाची परीक्षा करण्याची एक सोपी रीत आहे. तेच पृष्ठ दूरध्वनीवरून दुसऱ्यास वाचून दाखवावयाचे झाल्यास चित्राच्या जागी वाचणारा जे बोलेल, तोच सामान्यतः योग्य पर्यायी मजकूर असतो. तो एकदोन वाक्यांचा असावा. पडदावाचक ‘चित्र’ हा शब्द स्वतःच उच्चारत असल्याने ‘याचे छायाचित्र’ असा आरंभ करण्याचे कारण नसते. चित्र रंगचित्र आहे की व्यंगचित्र, हे महत्त्वाचे असेल तेव्हाच तसे सांगावे. चित्राखालील दृश्य ओळीत जे लिहिले आहे, त्याची पुनरुक्ती करू नये. व्यक्तींच्या चित्रात त्यांची नावे, स्थान व प्रसंग सांगावेत. चेहऱ्यावरून किंवा पोशाखावरून धर्म, वय वा आर्थिक स्थिती यांविषयी तर्क करू नयेत.

चित्रांचे प्रकार : पर्यायी मजकुराच्या दृष्टीने चित्रांचे पुढील प्रकार पडतात.

(१) माहितीपर चित्रे : यंत्राचा भाग, रोपावरील रोगाची खूण, समारंभातील प्रसंग इ. दाखविणारी चित्रे. यांच्या बाबतीत वर सांगितलेले तत्त्व सरळ लागू पडते. उसाच्या पानावरील तांबेऱ्याचे चित्र शेतकऱ्याला रोग ओळखता यावा म्हणून दिले असेल, तर डागांचा रंग, आकार व पानावरील जागा हे तपशील पर्यायी मजकुरात किंवा लगतच्या परिच्छेदात यावयास हवेत.

(२) शोभेची चित्रे : वेलबुट्टी, पार्श्वभूमी, रिकाम्या जागेत घातलेली छायाचित्रे इत्यादी. यांना पर्यायी मजकुराची जागा मुद्दाम रिकामी ठेवावयाची असते. त्यामुळे पडदावाचक ते चित्र ओलांडून पुढे जातो. रिकामी ठेवलेली जागा व मुळातच न दिलेली जागा यांत मोठा फरक आहे. जागाच दिली नसेल, तर पडदावाचकाला चित्र शोभेचे आहे की महत्त्वाचे, हे कळत नाही. शोभेच्या प्रत्येक वेलीचे वर्णन करणे हाही ऐकणाऱ्यास दिलेला त्रासच होय.

(३) कार्यदर्शक चित्रे : ज्यांवर कळ दाबल्यास काही घडते अशी चिन्हे. भिंगाच्या चिन्हाचा पर्याय ‘भिंग’ हा नसून ‘शोधा’ हा आहे. छपाईयंत्राच्या चिन्हाचा पर्याय ‘हे पृष्ठ छापा’ हा होय. संस्थेच्या बोधचिन्हावरून मुखपृष्ठाकडे जाता येत असेल, तर संस्थेचे नाव व ‘मुखपृष्ठ’ हा शब्द पुरेसा असतो.

(४) जटिल चित्रे : आलेख, आकृत्या, नकाशे, प्रशासकीय रचनेचे तक्ते इत्यादी. यांचा आशय एकदोन वाक्यांत मावत नाही. म्हणून पर्यायी मजकुरात आलेखाचे नाव व त्याचा मुख्य निष्कर्ष देतात आणि आलेखामागील आकडे जवळच कोष्टकाच्या रूपात देतात. कार्यालयाकडे येण्याचा मार्ग दाखविणाऱ्या नकाशाजवळ रेल्वे स्थानक, बसथांबा, वळणे व अंतरे सांगणारा परिच्छेद जोडावा लागतो. असा परिच्छेद किंवा कोष्टक सर्वांसच उपयोगी पडते, म्हणून ते पडद्यावर दिसेल असेच ठेवणे इष्ट असते.

(५) अक्षरांची चित्रे : ज्यांत मजकूरच चित्ररूपाने असतो अशी चित्रे. सही-शिक्क्यासह प्रतिमांकन करून ठेवलेली परिपत्रके, रंगीत जाहिराती, निमंत्रणपत्रिका हे याचे नेहमीचे नमुने होत. डोळस वाचकाला असे परिपत्रक नेहमीच्या कागदासारखे दिसते. परंतु पडदावाचकाच्या दृष्टीने ते कोरे पान असते. अल्पदृष्टी वाचकाने ते मोठे केल्यास अक्षरे फुटून पुसट होतात. त्यातील शब्दांचा शोध घेता येत नाही, त्यांची नक्कल करता येत नाही व भाषांतरही करता येत नाही. आशय महत्त्वाचा, परंतु अक्षरे नाहीत, अशी ही स्थिती असल्याने संस्थांच्या संकेतस्थळांवरील उणिवांपैकी ही सर्वांत हानिकारक म्हणावी लागेल. मूळ टंकलिखित प्रतच प्रसिद्ध करणे, हा तिच्यावरील सरळ उपाय होय. ती उपलब्ध नसल्यास प्रकाशीय अक्षरओळख करणाऱ्या आज्ञावलीने चित्रातून अक्षरे काढता येतात. मात्र जोडाक्षरे व अंक यांत चुका राहण्याचा संभव असल्याने, विशेषतः दिनांक व रकमा, मूळ प्रतीशी ताडून पाहाव्या लागतात.

अर्जाच्या शेवटी यंत्र व माणूस यांत फरक करण्यासाठी वापरली जाणारी वेडीवाकडी अक्षरे, म्हणजे ‘कॅप्चा’, हा एक विशेष प्रकार होय. त्यातील अक्षरे पर्यायी मजकुरात सांगितल्यास त्याचा हेतूच नष्ट होतो. म्हणून चित्राचा उद्देश शब्दांत सांगून ध्वनिरूप वा अन्य प्रकारची दुसरी कसोटी सोबत देण्याचा नियम आहे.

मराठी मजकुराचे विशेष : मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत दोन गोष्टींकडे लक्ष पुरवावे लागते. पहिली अक्षरसंकेताची. ‘युनिकोड’ या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तत्पूर्वीच्या व नंतरही छपाईसाठी वापरल्या गेलेल्या अनेक टंकांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेले असतात. असा मजकूर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो. पडदावाचक मात्र त्याजागी असंबद्ध रोमन अक्षरे वाचतो. अशा टंकातील मजकूर व्यवहारतः अक्षरांच्या चित्राहून वेगळा नसतो. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावाचून तो सुगम्य होत नाही.

दुसरी गोष्ट भाषेच्या नोंदीची. पृष्ठाच्या संहितेत त्याची भाषा कोणती, हे नोंदविता येते. मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्याने ही नोंद नसल्यास पडदावाचक मराठी मजकूर हिंदी उच्चारनियमांनी वाचण्याचा संभव असतो. मग ‘चमचा’, ‘जग’, ‘झाड’ यांतील मराठीचे विशिष्ट दंत्य उच्चार नाहीसे होतात. पर्यायी मजकूरही पृष्ठाच्याच भाषेत असावा. मराठी पृष्ठावरील चित्रांना इंग्रजी पर्याय दिल्यास ऐकणाऱ्याचा वारंवार रसभंग व अर्थभंग होतो.

रंग व हालचाल : केवळ रंगावरून कळणारा आशय रंगांधांना कळत नाही. ‘लाल रंगातील जागा राखीव आहेत’ असे म्हणताना त्या जागांवर अक्षर वा खूणही असावी. अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या प्रकाशमानतेतील गुणोत्तर किमान ४·५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावे, अशी कसोटी आहे. छायाचित्रावर छापलेली फिकट अक्षरे या कसोटीस बहुधा उतरत नाहीत. मुखपृष्ठावर आपोआप सरकणारी चित्रमाला पाच सेकंदांहून अधिक काळ चालत असेल, तर ती थांबविण्याची कळ आवश्यक असते. कारण सावकाश वाचणाऱ्यास किंवा लक्ष विचलित होणाऱ्यास ती वाचू देत नाही.

लुकलुकणाऱ्या चित्रांचा प्रश्न आरोग्याचा आहे. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय सचेतपट मालिकेच्या भागात लाल व निळा प्रकाश वेगाने आलटून पालटून दाखविला गेला, तेव्हा आकडी, चक्कर, मळमळ यांसारख्या तक्रारींमुळे सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. कोणतेही दृश्य एका सेकंदात तीनहून अधिक वेळा लुकलुकू नये, हा सुगम्यतेचा नियम अशा प्रकाशसंवेदी अपस्माराच्या धोक्यामुळेच केलेला आहे.

चित्रफिती : मूकपटांच्या काळात संवाद व निवेदन पडद्यावर अक्षरांत दाखवीत असल्याने कर्णबधिर प्रेक्षक इतरांच्या बरोबरीने चित्रपट पाहू शकत. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या मूकपटातही अशा पाट्या होत्या. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२७ नंतर व भारतात आलम आरा (१९३१) पासून बोलपट आले आणि ही अक्षरे पडद्यावरून नाहीशी झाली. जे तंत्र इतरांस प्रगतीचे वाटले, त्यानेच कर्णबधिरांना चित्रपटगृहाबाहेर ठेवले. ती अक्षरे परत आणण्याच्या प्रयत्नांतून १९७२ मध्ये बॉस्टनच्या ‘डब्ल्यूजीबीएच’ या दूरचित्रवाणी केंद्राने उपशीर्षकांसह कार्यक्रम दाखविला आणि १९८० पासून अमेरिकेत प्रेक्षकाच्या इच्छेनुसार दाखविता वा झाकता येणारी उपशीर्षके नियमित सुरू झाली. अंधांसाठी दृश्यांचे वर्णन करण्याची पद्धती प्रथम रंगभूमीवर रूढ झाली; वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात १९८१ मध्ये तिचा प्रारंभ झाला व १९९० च्या सुमारास ती दूरचित्रवाणीवर आली. संकेतस्थळांवरील चित्रफितींनी ही दोन्ही साधने तेथूनच घेतली.

चित्रफितीला पुढील चार प्रकारची जोड देता येते :

(१) उपशीर्षके : ध्वनीतील आशय दाखविणारी, दृश्याच्या वेळेशी जुळविलेली अक्षरे. परभाषेतील चित्रपटाला दिलेली भाषांतरित उपशीर्षके केवळ संवाद सांगतात, कारण प्रेक्षकाला आवाज ऐकू येतो असे त्यांत गृहीत असते. कर्णबधिरांसाठीच्या उपशीर्षकांत बोलणाऱ्याचे नाव तसेच ‘दारावर थाप’, ‘धोक्याची घंटा’, ‘टाळ्या’ यांसारखे अर्थपूर्ण ध्वनीही दाखवितात. एका वेळी बहुधा दोनच ओळी दाखवितात व त्या वाचून होतील इतका वेळ ठेवतात. वक्त्याचे बोलणे स्वतःच्या शब्दांत संक्षिप्त करणे शक्य तो टाळतात.

(२) लिखित संहिता : चित्रफितीतील सर्व बोलणे व महत्त्वाची दृश्ये यांचा सलग लेखी मजकूर. अंध व कर्णबधिर अशा दोन्ही मर्यादा असलेल्या व्यक्तीला तो ब्रेल उपकरणावर वाचता येतो. चित्रफीत मिळविण्याचा अन्य मार्ग तिला बहुधा नसतो. ज्यांना चित्रफीत पाहण्याइतका वेळ किंवा पुरेसे वेगवान जाल मिळत नाही, त्यांनाही संहिता उपयोगी पडते.

(३) ध्वनिवर्णन : बोलण्यातील स्वाभाविक विरामांत केलेले दृश्याचे थोडक्यात निवेदन. मूल कोणत्या खिडकीशी थांबले, पडद्यावर कोणता आकडा उमटला, हे त्यामुळे अंध श्रोत्याला कळते. चित्रणापूर्वीच विचार केल्यास त्याची गरज पुष्कळ कमी होते. ‘हा आकडा पाहा, हा येथे भरावा’ असे न म्हणता ‘अर्जाच्या दुसऱ्या रकान्यात शिधापत्रिकेचा क्रमांक भरावा’ असे वक्त्याने म्हटले, तर वेगळ्या वर्णनावाचूनही काम भागते.

(४) सांकेतिक भाषेतील निवेदन : जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा ही असते. तिचे व्याकरण मराठी वा हिंदी भाषांच्या व्याकरणाहून स्वतंत्र आहे. अशा व्यक्तींना लेखी मराठी ही दुसरी भाषा असल्याने केवळ उपशीर्षके त्यांस पुरी पडतातच असे नाही. दुभाष्याचे चित्र हात व चेहरा स्पष्ट दिसेल इतके मोठे आणि अखंड दिसावे लागते. या भाषेचे संशोधन व प्रशिक्षण यांसाठी भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र नवी दिल्ली येथे २०१५ मध्ये स्थापन झाले.

चित्रफीत सुरू करणे, थांबविणे, आवाज कमीजास्त करणे व उपशीर्षके दाखविणे या क्रिया माउसशिवाय केवळ कळफलकावरून करता यावयास हव्यात. पृष्ठ उघडताच आपोआप सुरू होणारा आवाज पडदावाचकाच्या वाणीत मिसळतो आणि अंध व्यक्तीला तो बंद करण्याची कळही ऐकून शोधता येत नाही. म्हणून अशी स्वयंप्रेरित ध्वनियोजना टाळणे श्रेयस्कर मानतात.

कायदा : संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी संमत केलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराने माहिती व संज्ञापन यांची सुगम्यता हा हक्काचा भाग मानला. भारताने २००७ मध्ये या करारास अनुसमर्थन दिले. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली व त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ४२ व्या कलमाने ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषेतील निवेदन व उपशीर्षके यांची सोय करण्यासाठी उपाय योजण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात, या अधिनियमाखालील सुगम्यतेच्या नियमाचे स्वरूप केवळ शिफारशीचे असल्याने तो अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक मानके ठरविण्याचा आदेश केंद्र शासनास दिला. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निर्णयात त्याच न्यायालयाने अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे म्हटले.

परदेशांतील काही प्रकरणे उद्‌बोधक आहेत. सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिक सामन्यांच्या संकेतस्थळावरील चित्रांना पर्यायी मजकूर नसल्याने क्रीडाप्रकार व निकाल यांची माहिती मिळत नाही, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९ मध्ये केली. दुरुस्तीस फार खर्च व वेळ लागेल, हा संयोजकांचा बचाव ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने अमान्य केला व पुढे २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई देवविली. हार्व्हर्ड विद्यापीठ व मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्था यांच्या विनामूल्य व्याख्यानांना उपशीर्षके नसल्याबद्दल २०१५ मध्ये कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने दावे लावले. त्यांत अनुक्रमे २०१९ व २०२० मध्ये तडजोड होऊन दोन्ही संस्थांनी उपशीर्षके देण्याचे मान्य केले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने मात्र अशाच आक्षेपानंतर २०१७ मध्ये सु. २०,००० ध्वनिचित्रफिती लोकांसाठी बंद केल्या. ही घटना वादग्रस्त ठरली. एका वर्गाला न मिळणारे ज्ञान सर्वांनाच नाकारणे, हा समतेचा विपर्यास आहे, असे काहींनी म्हटले. तर मुळात चित्रणाच्या वेळीच सोय केली असती, तर तो प्रसंग आला नसता, असे इतरांनी दाखवून दिले. या विद्यापीठाने २०२२ मध्ये शासनाशी झालेल्या समझोत्यानुसार आपला सार्वजनिक आशय सुगम्य करण्याचे मान्य केले. वर्षानुवर्षे साचलेला आशय मागाहून दुरुस्त करणे प्रारंभीच काळजी घेण्यापेक्षा किती महाग पडते, हे यावरून दिसून येते.

संस्थेतील व्यवस्था व यंत्राच्या मर्यादा : चित्रे ओळखून त्यांचे वर्णन करणारी आणि बोलणे ऐकून उपशीर्षके बनविणारी यंत्रणा आता सर्वत्र उपलब्ध आहे. तिने पहिला मसुदा करण्याचे श्रम वाचतात. परंतु यंत्र चित्रात दिसणाऱ्या वस्तू सांगते. ते चित्र त्या पृष्ठावर कशासाठी आहे, हे त्यास बहुधा ठाऊक नसते. व्यासपीठावरील सत्काराच्या चित्राचे ‘काही माणसे उभी आहेत’ असे वर्णन खोटे नसते, पण निरुपयोगी असते. स्वयंचलित उपशीर्षकांत विशेषनामे, आकडे व नकारार्थी शब्द यांत झालेली लहानशी चूकही अर्थ उलटा करते. औषधाची मात्रा सांगणाऱ्या चित्रफितीत ती धोकादायक ठरेल. म्हणून माणसाने तपासल्यावाचून असा मजकूर प्रसिद्ध करू नये. पर्यायी मजकूर आहे की नाही, एवढेच आज्ञावली तपासू शकते. तो योग्य आहे की नाही, हे तिला नीट ठरविता येत नाही.

यास्तव हे काम तंत्रज्ञाकडे न सोपविता चित्र देणाऱ्याकडेच ठेवणे हिताचे असते. आलेख काढणाऱ्या प्राध्यापकाला त्याचा निष्कर्ष माहीत असतो. परिपत्रक काढणाऱ्या लिपिकाकडे त्याची टंकलिखित प्रत असते. व्याख्यात्याकडे भाषणाची टिपणे असतात. चित्र पाठविताना त्याचा पर्यायी मजकूरही पाठवावा व त्यावाचून ते स्वीकारू नये, असा साधा नियम केल्यास पुष्कळसे काम होते. जुन्या आशयापैकी प्रवेश, परीक्षा, आरोग्य, नोकरभरती व तक्रार निवारण यांसंबंधीची पृष्ठे प्रथम सुधारावीत. अखेरीस पृष्ठाची परीक्षा अंध, अल्पदृष्टी व कर्णबधिर वाचकांकडून करवून घ्यावी. कळफलकावरून व पडदावाचकाच्या साहाय्याने अर्ज शेवटपर्यंत भरता येतो की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.